कायदा तोच, अर्थ मात्र बदलता: अमेरिकेतील नेट न्यूट्रॅलिटी वादाची पार्श्वभूमी

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या माहितीत आपपरभाव करू नये, या तत्त्वाला टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ मध्ये 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' हे नाव दिले. तत्त्व मात्र जुनेच आहे. दूरध्वनी कंपन्यांनी ग्राहकाग्राहकांत अवाजवी भेदभाव करू नये, असे बंधन अमेरिकेच्या १९३४ च्या दूरसंचार कायद्यातच होते. ब्रॉडबँडला हे बंधन लागू होते का, हा खरा प्रश्न होता. 'दूरसंचार सेवा' म्हटले तर होते, 'माहिती सेवा' म्हटले तर नाही.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजेच एफसीसी, या नियामक संस्थेने २००२ मध्ये केबल इंटरनेटला 'माहिती सेवा' ठरवले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हे वर्गीकरण उचलून धरले. कायद्याची भाषा संदिग्ध असेल तेथे नियामकाने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा, असा तेव्हाचा दंडक होता. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी भिन्नमतपत्रिकेत पिझ्झाचे उदाहरण दिले: पिझ्झा घरपोच करणारा दुकानदार 'मी फक्त पिझ्झा विकतो, पोहोचवण्याची सेवा देत नाही' असे म्हणू लागला, तर ते कोणाला पटेल? मला आजही हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

वर्गीकरणातील ही उणीव लवकरच उघडी पडली. बिटटोरंट या फाइल-देवाणघेवाणीच्या प्रणालीवरून फाइल पाठवणाऱ्यांची जोडणी मध्येच तुटते, असे २००७ मध्ये लक्षात आले. कॉमकास्ट या केबल इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रणा दोन्ही संगणकांना 'जोडणी बंद करा' असा संदेश पाठवत होती आणि तो समोरच्याच संगणकाकडून आल्याचे भासवत होती. एफसीसीने २००८ मध्ये कंपनीला हे थांबवण्याचा आदेश दिला; पण २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर रद्द केला. त्याच वर्षी केलेले नवे नियमही २०१४ मध्ये बहुतांशी कोसळले.

मग २०१५ मध्ये एफसीसीने ब्रॉडबँडला 'दूरसंचार सेवा' ठरवले, २०१७ मध्ये ते फिरवले आणि २०२४ मध्ये पुन्हा लागू केले. तिन्ही निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी, पक्षनिहाय झाले. दूरध्वनीसाठी केलेल्या जुन्या कायद्याच्या ओझ्याने गुंतवणूक आटेल, हा विरोधकांचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण त्यावरचा उपाय संसदेने नवा, स्पष्ट कायदा करणे हा होता आणि संसदेने तो केला नाही.

जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियामकाच्या अर्थाला मान देण्याचा तो दंडकच मोडीत काढला. त्याचाच आधार घेत सहाव्या सर्किटच्या (न्यायिक विभागाच्या) अपील न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी एफसीसीचे नियम रद्द केले. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये केलेला स्वतःचा कायदा मात्र त्या राज्यापुरता टिकून राहिला.