बरोक पुराणचित्रांच्या हस्तचित्रित प्रतिकृती

सतराव्या शतकातील बरोक शैलीच्या ज्या चित्रांत ग्रीक-रोमन पुराणकथा रंगवल्या आहेत, त्यांवरून कुंचल्याने व बहुधा तैलरंगात पुन्हा काढलेली चित्रे. छापील प्रती या प्रकारात येत नाहीत. राजा रविवर्मा यांच्या गिरगावातील छापखान्यातून १८९४ पासून घरोघरी पोहोचलेले देवादिकांचे ओलिओग्राफ म्हणूनच वेगळे धरतात. कॅनव्हासवर छायाचित्र छापून वरून चार फटकारे मारलेला मालही वेगळाच. बाजारात मात्र तो सर्रास ‘हस्तचित्रित’ म्हणून खपतो.

अस्सल आणि नक्कल यांच्यात आज जी भिंत दिसते, ती बरोक काळात इतकी पक्की नव्हती. फ्लेमिश चित्रकार पीटर पॉल रुबेन्सने १६१८ मध्ये हेगमधील इंग्रज राजदूत डडली कार्लटन याला पाठवलेली यादी याचा उत्तम पुरावा आहे. कार्लटनजवळच्या प्राचीन संगमरवरी मूर्तींच्या बदल्यात रुबेन्स चित्रे देऊ करत होता. काकेशस पर्वतावर जखडलेला प्रॉमीथियस आणि त्याचे यकृत टोचणारा गरुड हे चित्र ‘माझ्या हातचे, गरुड मात्र (प्राणिचित्रकार) स्नायडर्सचा’ असे सांगून त्याने ५०० फ्लोरिनला (तेव्हाचे चलन) लावले. ते आता फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. स्त्रीवेशातल्या अकिलीझचे चित्र ‘सर्वांत चांगल्या शिष्याने काढलेले, मी सर्वत्र हात फिरवलेले’ म्हणून ६०० ला. येशू व बारा प्रेषितांची मालिका तर सरळ शिष्यांनी काढलेल्या प्रती म्हणून नोंदवली होती. कार्लटनला फक्त अस्सल चित्रे हवी होती. त्यावर रुबेन्सने कळवले, की हात फिरवलेली चित्रे निव्वळ नकला समजू नयेत, ती अस्सलांपासून ओळखणे कठीण आहे. विक्रेत्याचे बोलणे म्हणून त्यातले थोडे वजा करावे. पण कोणाचा हात किती, हे त्याने गिऱ्हाइकापासून लपवले नाही, हे आजच्या अनेक दुकानांबद्दल म्हणता येत नाही.

रुबेन्स स्वतःही नक्कल करत असे, तेही कीर्तीच्या शिखरावर असताना. १६२८-२९ मध्ये माद्रिदला राजकीय कामगिरीवर असताना त्याने स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या संग्रहातील, आधीच्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार तिशियन याची चित्रे उतरवली. बैलाच्या रूपातला जुपिटर युरोपाला पळवून नेतो, ते चित्र त्यांतलेच. तिशियनचे मूळ चित्र आता बॉस्टनमधील इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर संग्रहालयात, तर रुबेन्सची प्रत माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. मांडणी तिशियनची असली, तरी मांसल देह आणि उजळ रंग पाहताच रुबेन्स ओळखू येतो. पुढे स्पॅनिश चित्रकार वेलास्केसने अराक्नी या विणकरीण मुलीच्या कथेवरील आपल्या चित्रात मागच्या भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यावर हाच युरोपाचा प्रसंग घेतला.

मूळ चित्र नष्ट झाले की प्रतीचे मोल बदलते. माद्रिदजवळच्या तोर्रे दे ला पारादा या शिकारमहालासाठी १६३६ पासून रुबेन्सने रोमन कवी ओव्हिडच्या कथांची लहान तैलरेखाटने केली आणि त्यांवरून अँटवर्पच्या योर्डान्स, कॉर्नेलिस दे व्होस आदी चित्रकारांनी बरीचशी मोठी चित्रे रंगवली. १७१० मध्ये युद्धात महाल लुटला गेला. तिथली काही चित्रे कशी होती, हे आज वेलास्केसचा जावई हुआन बाउतिस्ता देल मासो याने केलेल्या प्रतींवरूनच कळते. इटालियन चित्रकार ग्वीदो रेनीने इंग्लंडच्या राणीसाठी काढलेले बॅकस व अरियाड्नीचे भव्य चित्र फ्रान्समध्ये तुकडे करून संपवले गेले. नग्न आकृत्या मालकाच्या विधवेला खपल्या नाहीत, असे सांगतात. त्याची रचनाही प्रती आणि कोरीव छापांमुळे टिकली.

तंत्राच्या दृष्टीने सर्वांत जास्त फसगत अस्तरात, म्हणजे चित्राखालच्या पहिल्या रंगथरात होते. बरोक चित्रकार पांढऱ्या कॅनव्हासवर क्वचितच सुरुवात करत. इटली-स्पेनमध्ये तांबूस-तपकिरी अस्तर रूढ होते. रुबेन्स फिकट पृष्ठावर करड्या-तपकिरी रंगाचा पट्ट्यापट्ट्यांचा पातळ हात देई आणि सावल्यांतून तो दिसू देई. तयार पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंगवलेली व्हीनस म्हणूनच खडूने माखल्यासारखी दिसते. आकृत्या चौकटी आखून किंवा ट्रेस करून उतरवतात. मग सावल्या पातळ, उजेडाच्या जागी जाड रंग, आणि सुकल्यावर पारदर्शक थर. घाईच्या कामात हे शेवटचे थर हमखास गळतात. रंगद्रव्येही तीच राहिलेली नाहीत. शिशाच्या पांढऱ्याऐवजी आता टायटॅनियमचा पांढरा वापरतात. तो अधिक झाकणारा आणि थंड आहे. शिसे-कथिलाचा पिवळा तर अठराव्या शतकात विस्मरणात गेला आणि १९४१ मध्ये पुन्हा ओळखला गेला. शिवाय नक्कल नेमकी कशाची करायची, हाही प्रश्न असतोच: स्माल्ट या निळ्या काचचूर्णाचे आकाश काळाने करडे पडते, व्हार्निश पिवळे होते. एकोणिसाव्या शतकातील कित्येक प्रतींत नक्कलकारांनी हा पिवळेपणाही इमानाने उतरवला आहे.

संग्रहालयात मूळ चित्रासमोर घोडी (कॅनव्हास टेकवायची चौकट) लावून नक्कल करण्याची परवानगी पॅरिसच्या लूव्रमध्ये १७९३ पासून आहे. तिथे प्रत मूळ आकाराची करता येत नाही, मूळ सही उतरवता येत नाही आणि कॅनव्हासच्या मागे शिक्का मारला जातो. व्यापारी उत्पादनाला असा निर्बंध नसतो. चीनमधील शेन्झेनजवळच्या दाफेन गावात हाँगकाँगचे व्यापारी ह्वांग ज्यांग यांनी १९८९ मध्ये चित्रकार आणून हा धंदा उभा केला. तिथे खरा खप व्हॅन गॉगचा. बरोक चित्रांत आकृत्यांची गर्दी, म्हणून मेहनत जास्त. छायाचित्रावरून काम होत असल्याने रेनीची जवळपास तीन मीटर रुंद ‘अॅटालांटा व हिपोमेनीझ’ दिवाणखान्याच्या भिंतीपुरती आक्रसते, आणि दोन देहांमधली अंधारी पोकळी, जिच्यावर सारे चित्र उभे आहे, ती अरुंद होऊन जाते. या चित्रांवरील स्वामित्वहक्क उरलेला नसल्याने नक्कल करणे बेकायदा नाही. ती अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक ठरते.

तज्ज्ञांचे निवाडेही फिरतात. फ्रेंच चित्रकार निकोला पूसँने १६३६ च्या सुमारास कार्डिनल रिशेल्यूसाठी काढलेल्या मालिकेतील ‘सायलीनसचा विजयोत्सव’ हे लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्र दीर्घकाळ जुनी नक्कल मानले जात होते. स्वच्छता आणि तांत्रिक तपासणीनंतर २०२१ मध्ये गॅलरीने ते पूसँच्याच हातचे असल्याचे जाहीर केले.