दाजींचा पांढरा शर्ट आणि लाल होणारी हळद

भाचीच्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईचा फोन आला, तो किराणा दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतच. दाजींच्या पांढऱ्या शर्टावर हळदीचे डाग पडले होते, त्यात नवल काही नव्हतं. पण कपड्याच्या साबणाची वडी घासली आणि ते पिवळे डाग बघता बघता लालभडक झाले. "हळदीत रंग घातलाय मेल्यानं," ताईनं निकाल देऊन टाकला. पुरावाही हाताशी होता. मोबाईलवर फिरणारा एक संदेश सांगत होता की हळदीत साबणाचं पाणी किंवा चुना टाका, लाल झाली की समजा भेसळ!

हा संदेश मलाही आजवर तीन-चार जणांनी पाठवलाय. ज्यानं तो लिहिला त्यानं आयुष्यात एकदाही घरात कुंकू करताना पाहिलेलं नसावं. साबणानं लाल झाली म्हणजे डब्यात हळद आहे, एवढं नक्की. पिवळीच राहिली असती तर मी काळजी केली असती. (हळदीत दुसरा रंग मिसळलेला असला तरी त्यातली हळद लाल होणारच, त्यामुळे ही परीक्षा शुद्धतेची नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.)

गंमत म्हणजे याच गुणावर आम्ही त्या लग्नाची अर्धी सजावट उभी केली होती. भाचीचा हट्ट होता, थर्माकोल नको, प्लॅस्टिकची फुलं नकोत, जे काय करायचं ते हातानं करायचं. झेंडूच्या माळा बायकांनी ओवल्या. पोराटोरांना मी एक काम दिलं. साध्या कोऱ्या कागदांना हळदीचा हात द्यायचा, पण हळद पाण्यात कालवायची नाही. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये ढवळायची, गाळ बसू द्यायचा आणि वरच्या पिवळ्याजर्द द्रवात कागद बुडवून सावलीत वाळवायचा. मग पानाच्या टपरीवरून आणलेला चुना पाण्यात मिसळून त्याची निवळी करायची आणि कान कोरायच्या कापसाच्या काडीनं त्या पिवळ्या कागदावर लिहायचं. काडीत नुसतं पाणी दिसतं, पण कागदावर अक्षर उमटतं ते रक्तासारखं लाल. 'चि. सौ. कां.' पहिल्यांदा उमटलं तेव्हा धाकट्या पुतण्यानं "नाद खुळा!" म्हणून अशी आरोळी ठोकली, की आचारी बाहेर येऊन बघून गेला.

स्पिरिटच का, पाणी का नको? हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. हळदीच्या पुडीत ते साधारण ३ ते ५ टक्के असतं. त्याला पाण्याचं वावडं आहे, तेल आणि अल्कोहोल मात्र जवळचं. फोडणीत हळद पडली की तेल कसं झटकन पिवळं होतं ते आठवा. भेसळ ओळखायची सोपी खूणही इथंच आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवा. शुद्ध हळद बहुतेक सगळी तळाशी बसते, वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. मेटॅनिल यलोसारखा कृत्रिम रंग असेल तर तो पाण्यात विरघळतो आणि पेला गडद पिवळा दिसतो.

आता मला ज्याचं खरं वेड आहे तिकडे वळतो. हळद पिवळी का आणि चुन्यानं लाल का?

आपल्याला दिसणारा प्रकाश जांभळ्या टोकाला साधारण ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, लाल टोकाला ७०० चा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). तरंगलांबी जितकी कमी तितकी प्रकाशाची ऊर्जा जास्त. वस्तू यातला जो भाग गिळते तो वजा जाऊन उरलेला आपल्या डोळ्यात शिरतो, आणि त्यालाच आपण वस्तूचा रंग म्हणतो. कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश गिळतं. उरलेलं पिवळं दिसतं.

पण नेमकं ४२५ च का? कर्क्युमिनचा रेणू डंबेलसारखा असतो. दोन टोकांना सहा-सहा कार्बनची दोन कडी, मधे सात कार्बनांचा दांडा. या सगळ्या लांबीत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक आलेले असतात. अशी रचना जमली की दुहेरी बंधांतले काही इलेक्ट्रॉन कुणा एका अणूच्या ताब्यात राहत नाहीत, साखळीभर पसरतात. त्यांना सतारीची तार समजा. आपल्या शेजारी मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे घडतात, तिथल्या कुठल्याही कारागिराला विचारा. पडदा दाबून तार आखूड केली की सूर चढतो, मोकळी सोडली की उतरतो. इलेक्ट्रॉनचंही तसंच. पसरायला जागा थोडी असेल तर त्याला वरच्या पायरीवर ढकलायला जास्त ऊर्जेचा प्रकाश लागतो, कदाचित डोळ्याला न दिसणारा अतिनील, आणि मग पदार्थ बिनरंगी दिसतो. जागा वाढत गेली की कमी ऊर्जेवर काम भागतं. गिळला जाणारा प्रकाश जांभळ्याकडून निळ्याकडे, निळ्याकडून हिरव्याकडे सरकतो. त्याबरोबर आपल्याला दिसणारा रंग पिवळा, केशरी, लाल असा उतरत जातो.

चुना काय करतो? कर्क्युमिनच्या दोन्ही कड्यांवर एकेक असा ऑक्सिजन आहे, ज्याला एक हायड्रोजन चिकटलेला आहे. मधल्या दांड्यावर आणखी एक हायड्रोजन आहे, दोन ऑक्सिजनांमध्ये सामायिक, शेताच्या बांधावरच्या आंब्यासारखा. चुना, साबण, धुण्याचा सोडा हे सगळे क्षार, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे. क्षार हे हायड्रोजन ओढून नेतात, पण त्यांचे इलेक्ट्रॉन मागेच राहतात. हे उरलेले इलेक्ट्रॉन साखळीत सामील होतात आणि तार सैल पडल्यासारखी होते. शोषण ४२५ वरून पुढे, हिरव्याच्या दिशेनं सरकतं. हळद लाल. लिंबू पिळा, आम्लातून हायड्रोजन परत मिळतो, हळद पुन्हा पिवळी. शाळेतल्या लिटमस कागदाचं काम आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा करतो तो असा.

ताईच्या सासूबाई निपाणीकडच्या. त्यांना यातलं रसायन ठाऊक नाही, पण क्रिया पाठ आहे. नवरानवरी दारात आली की त्या ताटात पाणी घेतात, चिमूटभर हळद टाकतात, बोटाच्या टोकावर चुना घेऊन फिरवतात आणि त्या लाल पाण्यानं ओवाळतात. कानडीत याला ओकळी म्हणतात. "आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालत नाही, पाणी उतरतं," असं त्यांनी मला बजावलं. अगदी खरं. क्षारात कर्क्युमिन फार वेळ तग धरत नाही, तुटायला लागतं. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जोडला जाऊन त्याचा खडू होतो, मग चुन्याचा जोरही ओसरतो.

मग कुंकवाचा लाल वर्षभर कसा टिकतो? इथं दोन मिनिटं दम धरून वाचा, कारण मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग हाच आहे. जुन्या पद्धतीच्या कुंकवात हळकुंडांचे तुकडे लिंबाच्या रसात भिजवतात आणि त्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घालतात. लिंबू आम्ल आहे, तेव्हा वरच्या हिशेबानं हळद पिवळीच राहायला हवी. ती लाल होते टाकणखारातल्या बोरॉनमुळे. मधल्या दांड्यावरचा तो बांधावरचा हायड्रोजन आठवतो? आम्लाच्या संगतीत बोरॉन त्याची जागा पटकावतो आणि दोन्ही ऑक्सिजनांना घट्ट धरून बसतो. बोरॉनला असे चार हात असल्यामुळे तो एकाच वेळी दोन कर्क्युमिन धरू शकतो. प्रयोगशाळेत तीव्र आम्लात बनवलेल्या अशा जोडसंयुगाला रोझोसायनिन म्हणतात. त्याचं शोषण ५४०-५५० नॅनोमीटरजवळ, म्हणजे थेट हिरव्यात पोचतं. हा लाल लिंबानं उतरत नाही, तो लिंबाच्याच साक्षीनं झालेला असतो. पाण्यातलं किंवा मातीतलं अगदी किंचित बोरॉन शोधायला रसायनशास्त्रज्ञ हीच हळदीची युक्ती वापरतात आणि मोजमाप ५४० नॅनोमीटरला घेतात. पंढरपूरचं कुंकू घाटणारे आणि प्रयोगशाळेतले पांढऱ्या कोटवाले अशा रीतीनं एकाच धंद्यातले. (बाजारातलं स्वस्त कुंकू मात्र बऱ्याचदा नुसती कृत्रिम रंगानं रंगवलेली पूड असते. त्यात ना हळद, ना टाकणखार.)

हाच चमत्कार दुसरीकडेही खपतो. हाताला चुन्याची निवळी लावून हळदीनं माखलेल्या कापडावर दाबला की 'रक्ताचा' पंजा उमटतो, आणि घरावर कुणीतरी करणी केल्याचं निदान होतं. उतारा अर्थातच पैसे मोजून. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते असले प्रयोग शाळांतून करून दाखवतात तेव्हा मुलं हसतात, पण घरातल्या मोठ्यांना बोलवायला हवं असं मला दर वेळी वाटतं. दुसरं टोक म्हणजे कर्क्युमिनच्या महागड्या गोळ्या, सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर एकच इलाज म्हणून विकल्या जाणाऱ्या. जे द्रव्य पाण्यात विरघळायला तयार नाही ते आतड्यातून रक्तातही फारसं जात नाही, एवढं तरी त्या डबीवर छापावं.

झेंडूचं काय, असं पोरांनी विचारलं. त्यांनी उरलेल्या निवळीत एक केशरी फूल बुडवून पाहिलं होतं. ढिम्म, काही झालं नाही. झेंडूचा रंग ल्युटीन आणि त्याच्या भाऊबंदांचा, म्हणजे गाजराच्या कॅरोटीनच्या कुळातला. त्यातही तीच एकाआड एक बंधांची साखळी असते, दहा दुहेरी बंधांची, पण त्या साखळीत चुन्यानं ओढून न्यावा असा हायड्रोजन नाही. त्यामुळे चुना येवो की लिंबू, झेंडू आपला केशरीच. रंगपंचमीसाठी झेंडू उकळून रंग करू पाहणाऱ्यांची निराशा होते तीही यामुळेच. पाणी पिवळसर होतं, पण ते पाकळीतल्या दुसऱ्या द्रव्यांमुळे. खरा केशरी रंग तेलात मिसळणारा, तो पाकळीतच बसून राहतो. पळसाच्या फुलातल्या रंगद्रव्याच्या रेणूला साखर जोडलेली असते, म्हणून तो पाण्यात सहज उतरतो. आमच्या आजोळी होळीनंतर घंगाळात पळस भिजत घालायचे, झेंडूला कुणी विचारायचं नाही, त्यामागचं कारण हे.

राहता राहिला दाजींचा शर्ट. ताईला मी सांगितलं की दुकानदाराला शिव्या देणं थांबव, साबण खळखळून धुऊन टाक आणि शर्ट गच्चीवर भर उन्हात टाक. कर्क्युमिन उजेडाला फार हळवं असतं. तीच प्रकाश गिळणारी साखळी उन्हाच्या माऱ्यात तुटते, आणि साखळी तुटली की रंग संपला. तीन दिवसांत शर्ट पांढराशुभ्र झाला.

त्याच तीन दिवसांत दारावरचं आमचं हळदीच्या कागदांचं तोरणही तेवढंच पांढरं पडलं. सत्यनारायणाला येणाऱ्यांना 'चि. सौ. कां.' मधलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. बाजूची झेंडूची माळ सुकून कुरकुरीत झाली होती, पण होती केशरीच. पुतण्या आता कागदांना सावलीत कुठं टांगायचं याचा विचार करतोय, कारण दसऱ्याला त्याला पुन्हा करायचंय.