सहा मात्रांवर भेटलेले दोन मुलूख

एक ते सहा सावकाश मोजत राहा. एक आणि चारला डाव्या हाताने मांडीवर थाप द्या. ते जमलं की एक, तीन, पाचला उजव्या हाताने. डावीकडे दोन थापा, उजवीकडे तीन, आणि दोन्ही हातांची गाठ पडते ती फक्त ‘एक’वर. सुरुवातीला हात हटकून चुकतात. आयरिश आणि पश्चिम आफ्रिकी संगीत भेटतं ते याच सहा मात्रांवर.

आयरिश जिग हा नाच याच सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन भागांत चालणारा. आपल्या दादऱ्याची विभागणीही तीच. पश्चिम आफ्रिकेत मात्र त्याच सहा-बारा मात्रा एक वादक दोन-दोनने मोजतो, दुसरा तीन-तीनने, आणि चूक कुणाचीच नसते. सहाला दोननेही भाग जातो, तीननेही. म्हणून जिगवर आफ्रिकी ढोल चढवताना मूळ धुनेला हात लावावा लागत नाही.

निर्माते सायमन एमरसन सेनेगलचे गायक बाबा माल यांच्याबरोबर काम करत होते. तिथली एक धून ऐकताना त्यांना जुनी आयरिश चाल आठवली. त्यातून ‘अफ्रो केल्ट साउंड सिस्टम’ हा बँड उभा राहिला; पहिला अल्बम १९९६चा. पुढे त्यात जॉनी काल्सींचा पंजाबी ढोलही आला.

लय जुळली तरी नादाचा प्रश्न उरतोच. पश्चिम आफ्रिकेतला कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं २१ तारांचं वाद्य. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी तारा छेडतात. छेडलेली तार लगेच विझू लागते, कारण तिला नवी ऊर्जा मिळत नाही. इलन पाइप्स या आयरिश बॅगपाइपचं उलट: कोपराखालच्या भात्यातून हवा येत राहते, सूर तुटत नाही, आणि तीन नळ्या एकच स्वर तीन सप्तकांत धरून ठेवतात. तंबोऱ्यासारखाच आधार म्हणा ना. कोऱ्याचे टिपके त्या सलग पट्ट्यावर सुटे, स्वच्छ ऐकू येतात. जुन्या कोऱ्यावर झणझणणाऱ्या कड्यांची धातूची पट्टीही असते. जवारीची सवय असलेल्या कानाला ती खटकणार नाही.

मला अडचण वाटते ती अफ्रो केल्टच्या संगीतातल्या संगणकाच्या ठोक्यांची. आयरिश ‘शॅन-नोस’ गायकी साथीविना, श्वासाच्या चालीने चालते. तिला काटेकोर ठेक्यात बसवलं की तिचं रेंगाळणंच जातं.

वेल्सच्या हार्पवादक कॅट्रिन फिंच आणि सेनेगलचे कोरावादक सेकू केइटा यांचा २०१३चा अल्बम म्हणूनच मला जास्त आवडतो. ४७ तारांची हार्प आणि कोरा, दोन्ही छेडायची, दोन्ही विझणारी. मागे सूर धरणारं कुणी नाही. मग एकाने ‘कुंबेंगो’, म्हणजे फिरत राहणारं आवर्तन, सांभाळायचं आणि दुसऱ्याने त्यावरून ताना सोडायच्या. थोड्या वेळाने अदलाबदल. काही जागी कुठली तार कुणाची, हे मला अजून ओळखता येत नाही.