चाळिशीची अट आणि कब्बालाची पहिली पुस्तके

कब्बाला, म्हणजे यहुदी गूढविद्या, शिकायला कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी, असे विचारले की आज दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे जेरुसलेमच्या विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या न्यूयॉर्कमधील व्याख्यानांतून १९४१ साली तयार झालेला यहुदी गूढवादावरचा ग्रंथ. दुसरी म्हणजे ताकीद : चाळिशीआधी या वाटेला जाऊ नये. ग्रंथाची शिफारस योग्यच आहे. ताकिदीचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि नवख्याच्या हाती कोणती पुस्तके पडली हे बऱ्याच अंशी तिनेच ठरवले.

कब्बालाचा मुख्य ग्रंथ ‘जोहर’ १५५८ ते १५६० या काळात इटलीत मांतुआ आणि क्रेमोना येथे छापला गेला, तेव्हाच वाद पेटला होता. पोपच्या हुकुमाने रोममध्ये तालमूद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या त्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती. गुरूकडून शिष्याकडे जाणारी विद्या बाजारात मांडू नये, असे काही रब्बींचे, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचे, म्हणणे होते. छापली तरच ती टिकेल, असे इतरांचे. छापणाऱ्यांची सरशी झाली.

त्याच सुमारास गॅलिलीतल्या साफेद गावी एका आचार्याने खास नवख्यांसाठी छोटेखानी पुस्तक लिहिले, ‘ओर नेएराव’. ते १५८७ मध्ये व्हेनिसला छापले गेले. विद्यार्थ्याने आधी धर्मशास्त्राचा पाया पक्का करावा, मग इकडे वळावे, असे त्यात बजावले आहे. वयाबद्दल आचार्य म्हणतो, निदान वीस वर्षे पुरी असावीत. हिशेबही देतो : परंपरेने चाळीस हे समजुतीचे वय मानले आहे, त्याच्या निम्म्यापर्यंत तरी पोचलेले असावे. चाळीसच हवीत म्हणणारे लोक त्याला ठाऊक होते, पण त्यांचे म्हणणे त्याने मानले नाही. त्याच गावातला त्याच्यानंतरचा गुरू, ज्याच्या शिकवणीवर पुढची बहुतेक कब्बाला उभी आहे, १५७२ मध्ये गेला तेव्हा ३८ वर्षांचा होता.

मग अट घट्ट झाली कधी? त्याला कारण भीती. १६६५-६६ मध्ये तुर्कस्तानातल्या स्मर्नाच्या एका माणसाने स्वतःला मसीहा, म्हणजे यहुद्यांचा तारणहार, म्हणवले, युरोपपासून येमेनपर्यंतचे यहुदी त्याच्यामागे लागले आणि शेवटी सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला. हा घाव पिढ्यान्‌पिढ्या ओला राहिला. त्याच्याच परंपरेतला नवा पंथ पोलंडमध्ये उभा राहिला, तेव्हा १७५६ मध्ये ब्रोडी येथे रब्बींनी बहिष्काराचा ठराव केला : ‘जोहर’ तिशीआधी वाचायचा नाही, साफेदच्या गुरूच्या शिकवणीचे ग्रंथ चाळिशीआधी उघडायचे नाहीत. आपत्काळात काढलेला हा हुकूम पुढे सनातन नियमासारखा सांगितला जाऊ लागला. त्याआधी १७३० मध्ये पादुआच्या एका तेजस्वी तरुणाकडून गूढ लेखन थांबवण्याची लेखी हमी घेतली गेली होती. तोही चाळिशी गाठण्याआधीच वारला. त्याची पुस्तके मात्र आज आदराने शिकवली जातात.

दार असे लोटले गेल्यावर नवख्याला दुसरीकडून पुस्तके मिळू लागली. जर्मनीत १६७७ ते १६८४ दरम्यान ख्रिस्ती अभ्यासकाने केलेले कब्बालाच्या ग्रंथांचे लॅटिन भाषांतर निघाले होते, त्यावरून १८८७ मध्ये लंडनला इंग्रजी पुस्तक आले. त्यात ‘जोहर’मधला ‘इद्रा झुटा’ हा भाग होता. त्याच वर्षी तोच भाग पुण्यात छापला गेला, हिब्रू लिपीतल्या अरबीत. थिऑसॉफी या गूढज्ञानाच्या चळवळीकडे ओढल्या गेलेल्या इथल्या एका बगदादी यहुद्याने तो काढला आणि पाठोपाठ कब्बालाची ओळख करून देणारे छोटे पुस्तकही. असा भाग बोलीभाषेत आणल्याबद्दल बगदादच्या रब्बींनी कडक हरकत घेतली. मांतुआतला वाद तीनशेहून अधिक वर्षांनी पुण्याच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला, याची महाराष्ट्रातही फारशी आठवण ठेवली जात नाही, याचे वाईट वाटते.

लंडनच्या पुस्तकातून जादूटोणा, टॅरो आणि ‘जीवनवृक्ष’ यांची जी शाखा फुटली, तिची पुस्तके आजही ‘कब्बाला’ याच नावाखाली विकली जातात. तो स्वतंत्र विषय आहे. यहुदी कब्बाला समजून घ्यायची असेल तर तिथून सुरुवात करू नये.

विसाव्या शतकात विद्यापीठांनी वयाची अट बाजूला ठेवली. १९४१च्या ग्रंथाने कब्बाला इतिहास म्हणून मांडली. १९८८ मध्ये त्याच विद्यापीठातल्या पुढच्या पिढीतील अभ्यासकाने त्याला मोठे आव्हान दिले : केवळ विचारप्रणाली पाहू नका, साधना आणि अनुभवही पाहा. म्हणून ही दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत. एकट्या पहिल्यावर थांबले तर चित्र अर्धेच राहते. ‘जोहर’चा नवा टीपांसह इंग्रजी अनुवाद २००४ पासून येऊ लागला आणि २०१७ मध्ये बाराव्या खंडाने पुरा झाला. ‘ओर नेएराव’चा टीपांसह इंग्रजी अनुवाद त्याच्या कितीतरी आधी, १९९४ मध्येच आला होता. नवख्यासाठीच लिहिलेले हे पुस्तक शिफारशींत आजही सहसा दिसत नाही. माझ्या मते ते पहिल्या तीनांत असायला हवे.