गुडघ्यातलं ‘ग्रीस’ आणि चालण्याचा हिशेब

एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट कमी दिसली की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘गुडघ्यातलं ग्रीस संपलंय’ आणि ‘आता चालणं कमी करा, नाहीतर उरलंसुरलंही झिजेल.’ दोन्ही चुकीची. पहिल्याने फारसं बिघडत नाही. दुसऱ्याने माणूस खुर्चीला खिळतो.

सांध्यात हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचं कूर्चेचं अस्तर असतं; एक्स-रेतली फट कमी होते ती मुख्यतः हे अस्तर झिजल्याने, ग्रीस संपल्याने नव्हे. त्यात रक्तवाहिन्या नसतात. वजनाच्या ७० टक्क्यांहून अधिक पाणीच. बाकी कोलॅजन तंतूंची जाळी आणि तिच्यात अडकलेले ॲग्रेकन नावाचे अवाढव्य रेणू. या सगळ्याची निगा राखणाऱ्या पेशी जेमतेम काही टक्के जागा व्यापतात. त्यांना ग्लुकोज आणि ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून झिरपून.

खरी गंमत ॲग्रेकनची. त्याच्यावर ऋण विद्युतभारांची दाटी असते. ते तोलायला सोडियमचे धन आयन आत येतात, आयन वाढले की परासरणाने पाणी आत ओढलं जातं. कूर्चा फुगू पाहते, कोलॅजनची जाळी तिला आवळून धरते. याला स्पंजाची उपमा देतात, ती अर्धीच खरी. दाबलेल्या स्पंजातून पाणी लगेच निघून जातं. कूर्चेतली छिद्रं काही नॅनोमीटरची असल्याने पाऊल टेकतं तेवढ्या वेळात पाण्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. त्याचा दाब वाढतो आणि निरोगी कूर्चेत बहुतेक भार तंतूंऐवजी पाणीच पेलतं. पाय उचलला की दाब उतरतो.

मिनिटाला शंभरेक पावलं टाकली तर प्रत्येक गुडघ्याला ही दाब-सूट सेकंदाला सुमारे एकदा मिळते. प्रयोगशाळेत कूर्चेच्या तुकड्यांवर साधारण अशाच लयीत दाब दिला तर पेशी जास्त ॲग्रेकन बनवतात. दाब सतत धरून ठेवला तर कमी बनवतात, कारण पाणी हळूहळू निसटतं आणि भार जाळीवर येतो. म्हणून चर्चगेट ते विरार उभ्याने केलेला प्रवास गुडघ्यांचा व्यायाम होत नाही, कितीही पाय भरून आले तरी.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्याच्या झिजेच्या आजारात, ॲग्रेकन घटतं, जाळी सैल पडते, पाणी लवकर निसटतं. झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवत नाही. पण मांडीचे स्नायू सांधा सावरू लागतात, वजन आटोक्यात येतं, दुखणं कमी होतं. तांब्याचं कडं, चुंबकाचा पट्टा यांनी यातलं काहीच होत नाही. तेल चोळल्याने बरं वाटतं, पण ते कातडीवरच राहतं. ‘आठ दिवसांत नवी गादी’ म्हणणाऱ्या जाहिरातीकडे तर पाहूही नये.

प्रश्न उरतो तो मात्रेचा. कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवून भार मोजला गेला आहे. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना उतरताना साडेतीन पटींच्या जवळ, हलक्या जोराने सायकल चालवताना सव्वा पटीच्या आसपास. स्टेशनच्या पुलावर सरकता जिना उतरण्याच्या बाजूला असेल तर तो वापरावा, यात कमीपणा नाही. नसेल तर कठडा धरून उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला.

व्यायामाच्या सायकलचं सीट बहुतेकजण फार खाली ठेवतात. मग गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागे दुखतं. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवून पाय सरळ होईल इतकं सीट वर घ्यावं, मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. जोर कमी, मिनिटाला साठेक फेरे.

पाण्यात भार आणखी उतरतो: कमरेइतक्या पाण्यात सुमारे निम्मा, छातीइतक्या पाण्यात तिसरा हिस्सा. पोहता येत नसलं तरी तलावाच्या उथळ टोकाला चालता येतं. पोहणाऱ्यांनी बेडकासारखी लाथ टाळावी, तिने गुडघा पिळवटतो. दादर किंवा जुहूच्या चौपाटीवर भुसभुशीत, उतरत्या वाळूत अनवाणी चालणं आरोग्यदायी समजतात. दुखऱ्या गुडघ्याला शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची सपाट वाट बरी. पावसाळ्यात इमारतीचा व्हरांडा चालेल, ओल्या लाद्या सोडून.

सुरुवात दहा मिनिटांनी, आठवड्यातून तीन-चारदा. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग. दर आठवड्याला प्रत्येक वेळच्या चालण्यात दोन-तीन मिनिटं वाढवत आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत जायचं. चालताना थोडं दुखलं तर चालेल. पण ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत मूळ पातळीला आलं नाही, तर पुढच्या वेळी वेळ एक तृतीयांशाने कमी. बंद करायचं नाही. गुडघा सुजून गरम झाला, अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला, तर मात्र चालणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं.