जुलाब नव्हते, खडा होता

सासूबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि लालबागच्या आमच्या चाळीतली 10 बाय 12 ची खोलीच वॉर्ड झाली. महिनाभराने त्यांना दिवसातून सात-आठदा थोडी थोडी पातळ संडास होऊ लागली. एका दवाखान्यातून जुलाब थांबवायच्या गोळ्या मिळाल्या, पोटाला हातही न लावता. त्रास वाढतच गेला.

झालं होतं नेमकं उलटं. हालचाल बंद, पाणी कमी, त्यामुळे मळातलं पाणी आतडं शोषत राहतं आणि गुदाशयात घट्ट खडा बसतो. गुदाशय सतत ताणलेला राहिला की गुदद्वाराचा आतला स्नायू, जो आपल्या इच्छेने चालत नाही, सैल पडतो. खड्याच्या वर साचलेला पातळ मळ मग कडेकडेने पाझरतो. दिसतात जुलाब, असतो बद्धकोष्ठ. असं आहे का, हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे बोटाने केलेली तपासणी.

ती केली घरी येणाऱ्या सिस्टरने. आधी तिने सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त मला थांबवलं. आणि खिडकीला चादर लावली. मग सासूबाईंच्या डोळ्यांसमोर बसून म्हणाली, "आजी, मागून बोट घालून बघावं लागेल. चालेल ना? दुखलं तर हात वर करा, मी लगेच थांबते." त्यांना बोलता येत नव्हतं; त्यांनी मान हलवेपर्यंत ती थांबली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी आहे का, हेही विचारलं.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. गुदाशयाच्या वळणाला हीच स्थिती सोयीची. लुगडं लागेल तेवढंच बाजूला. आधी नुसतं पाहिलं: मूळव्याध, चीर, रक्त काही आहे का. मग भरपूर जेल लावून बोटाचं टोक गुदद्वाराशी नुसतं टेकवून ठेवलं. हे थांबणं मला फार महत्त्वाचं वाटतं. स्पर्श झाला की बाहेरचा स्नायू आपसूक आवळतो. क्षणभर थांबलं, लांब श्वास सोडायला लावला, की तो सैल होतो. गुदमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर लांब, पण त्याच्या खालच्या भागात वेदना टिपणाऱ्या नसा दाट असतात. घाई केली की दुखतं, दुखलं की माणूस आवळतो, आणि पुढच्या वेळी नकोच म्हणतो.

बोट गुदाशयाच्या खालच्या भागापर्यंतच पोचतं. तिथे रिकामं लागलं तरी वर खडा असू शकतो, म्हणून पोटही चाचपावं लागतं.

हे घरच्यांनी बघून-बघून करायचं काम नव्हे. मणक्यातल्या मज्जारज्जूला, विशेषतः छातीच्या 6 व्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांचं ब्लडप्रेशर या स्पर्शाने एकदम चढू शकतं: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. तेव्हा बोट तत्काळ काढायचं, रुग्णाला बसतं करायचं, घट्ट कपडे सैल करायचे आणि डॉक्टरांना बोलवायचं. बाकी कोणाला चक्कर आली, नाडी मंदावली, तरी थांबायचंच.

सिस्टरने खडा ओढून काढला नाही. डॉक्टरांना फोन केला. जुलाब थांबवायच्या गोळ्या बंद झाल्या, मळ मऊ करणारी पावडर आणि एनिमा सुरू झाला. पोटात अन्न गेलं की आतडं जागं होतं, म्हणून वेळ ठरली सकाळच्या चहा-बटरनंतर वीसेक मिनिटांची. कमोडच्या खुर्चीवर सासूबाई, पायाखाली पाट, दार ओढून घेतलेलं आणि आम्ही सगळे बाहेर गॅलरीत.