मूलद्रव्य आणि संयुग

ज्या पदार्थाचे सर्व अणू एकाच जातीचे असतात, तो मूलद्रव्य. तांबे, लोखंड, सोने, गंधक, पारा, ऑक्सिजन ही मूलद्रव्ये होत. दोन किंवा अधिक मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधाने जोडले गेले की संयुग तयार होते. पाणी, मीठ, साखर, मोरचूद (कॉपर सल्फेट) ही संयुगे आहेत. शाळेत पाठ करून घेतात ती व्याख्या एवढीच. पण ती पाठ असूनही फरक डोळ्यांसमोर येत नाही, कारण खरा मुद्दा अणूंच्या मोजणीत नसून गुणधर्मांत आहे: संयुगात गेलेले मूलद्रव्य आपले रूप, रंग, चव, वास सगळे मागे ठेवून जाते. हे पाहण्यासाठी तासगाव, मिरज, पलूस भागातली द्राक्षबाग ही प्रयोगशाळेइतकीच चांगली जागा आहे.

बागेत भुरी हा बुरशीजन्य रोग आला की गंधक मारतात. हे पिवळे गंधक म्हणजे मूलद्रव्य. केवडा या दुसऱ्या बुरशीजन्य रोगासाठी, म्हणजे बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात त्यासाठी, बोर्डो मिश्रण वापरतात आणि त्यात मोरचूद असते. मोरचुदाच्या निळ्याशार खड्यात तेच गंधक आहे, पण तिथे पिवळेपणाचा मागमूस नाही. त्यात तांबेही आहे, पण घरातल्या तांब्याच्या घागरीचा तांबूसपणा त्यात कुठे दिसत नाही. ऑक्सिजन आहे, तो वायू नाही. खडा कितीही बारीक कुटला, चाळला, भिंगाखाली धरला, तरी तांब्याचा एक कण वेगळा निघत नाही. निघते ती निळी पूड.

बोर्डोची कृती इथे जरा तपशिलाने सांगण्यासारखी आहे. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवायचे, चुना दुसऱ्यात भिजवून गाळून घ्यायचा आणि मग दोन्ही एकत्र करायचे. लोखंडी भांडे वापरायचे नाही, हा दंडक. फ्रान्समधल्या बोर्दो भागातील द्राक्षमळ्यांवरून हे नाव पडले. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली त्याची उपयुक्तता प्रसिद्ध केली. नावात ‘मिश्रण’ असले तरी चुना आणि मोरचूद तिथे नुसते शेजारी बसत नाहीत, त्यांची क्रिया होऊन नवी संयुगे तयार होतात.

फवारण्यापूर्वी लोखंडी विळा किंवा सळई त्या निळ्या पाण्यात थोडा वेळ बुडवून बाहेर काढतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात. हा थर म्हणजे शुद्ध तांबे, मूलद्रव्य. चुन्याशी क्रिया न होता विरघळून राहिलेल्या मोरचुदात लोखंडाने तांब्याची जागा घेतली आणि सुटे झालेले तांबे पात्यावर बसले. जे तांबे कुटून किंवा चाळून मिळत नव्हते, ते रासायनिक क्रियेने क्षणात हाती आले. संयुगातले मूलद्रव्य नाहीसे झालेले नसते, बांधले गेलेले असते, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. आणि तो रसायनशास्त्राचा वर्ग न पाहिलेल्या माणसाच्या हातातही असतो.

संयुगाची दुसरी खूण म्हणजे ठाम प्रमाण. मोरचुदात एका तांब्याच्या अणूमागे गंधकाचा एक, ऑक्सिजनचे चार अणू आणि पाण्याचे पाच रेणू असतात. वजनाने पाहिले तर १ किलो शुद्ध मोरचुदात सुमारे २५५ ग्रॅम तांबे आणि सुमारे ३६० ग्रॅम पाणी निघते. खडे पूर्ण कोरडे दिसत असताना त्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी असावे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. परीक्षानळीत चिमूटभर मोरचूद तापवले की ते निळ्याचे पांढरे पडते आणि नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. थंड झाल्यावर त्यावर एक थेंब पाणी टाकले की निळा रंग परत येतो.

प्रमाण बदलत नाही, हा नियम फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ प्रूस्त याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला आणि त्यासाठी त्याने अभ्यासलेल्या संयुगांत तांब्याचे कार्बोनेट होते. खाणीतले असो वा प्रयोगशाळेत बनवलेले, त्यात तांबे, कार्बन, ऑक्सिजन त्याच प्रमाणात येत. पाण्याचेही तसेच. कोयनेच्या धरणातले घ्या किंवा सांगलीला आयर्विन पुलाखालून वाहणाऱ्या कृष्णेचे घ्या. गाळ, क्षार काढून टाकल्यावर उरणाऱ्या पाण्यात वजनाने १ भाग हायड्रोजनला ८ भाग ऑक्सिजन असतो. कोयनेचे पाणी टर्बाइन फिरवते तेव्हाही ते पाणीच राहते. उलट त्याच विजेचा प्रवाह पाण्यातून सोडला तर ते फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हे १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल यांनी दाखवले.

मिश्रणाचे प्रमाण असे बांधलेले नसते. सांगलीच्या बाजारात येणाऱ्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद म्हणजे अनेक संयुगांचे मिश्रण. तिचा पिवळा रंग मुख्यतः कुर्कुमिन या संयुगाचा, आणि वाणानुसार, जमिनीनुसार त्याचा टक्का कमीजास्त होतो. पण कुर्कुमिनचा रेणू कुठल्याही शेतातला असो, त्यात कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणूच असतात. गूळही मिश्रण, साखर संयुग. म्हणूनच गुळाला गावागणिक वेगळी चव असते, शुद्ध साखरेला नसते. साखर कढईत जास्त तापवली तर आधी तपकिरी होते आणि शेवटी काळा कोळसा उरतो. पांढऱ्या दाण्यात तो कार्बन वजनाने सुमारे ४२ टक्के आधीपासून होता. कासच्या पठारावरचा आणि महाबळेश्वरचा तांबडा जांभा हेही मिश्रणच. त्यात लोखंड भरपूर, पण ऑक्सिजनशी बांधलेले, त्यामुळे जांभ्याचा दगड लोखंडासारखा चुंबकाला चिकटत नाही.

विद्यार्थ्यांचा एक घोटाळा नेहमीचा आहे: ‘रेणू’ म्हणजेच ‘संयुग’ असे धरणे. हवेतला ऑक्सिजन दोन-दोन अणूंच्या रेणूंच्या रूपात असतो, ओझोनमध्ये तीन अणू असतात, पण अणू एकाच जातीचे असल्याने दोन्ही मूलद्रव्यच. दुसरीकडे मिठात सुटे रेणू नसतात, सोडियम आणि क्लोरीनच्या आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंची, जाळी असते, तरी ते संयुग आहे. जात किती, हे पाहायचे. अणू किती, हे नव्हे.

पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या पंचमहाभूतांचा विचार वेगळ्या अंगाचा होता. रसायनशास्त्रातले मूलद्रव्य म्हणजे रासायनिक रीतीने आणखी साध्या पदार्थांत न फुटणारा पदार्थ. लाव्हाझिए याने १७८९ साली अशा ३३ पदार्थांची यादी दिली. त्यात प्रकाश आणि उष्णताही होती आणि चुनाही होता. चुना फोडण्याची रीत तेव्हा सापडलेली नव्हती. हंफ्री डेव्ही याने १८०८ मध्ये विजेच्या साहाय्याने त्यातून कॅल्शियम वेगळे केल्यावर चुना संयुगांत गेला. मेंडेलीव्हची आवर्त सारणी १८६९ ची. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत, आणि संयुगांची संख्या कोटींच्या घरात आहे.

खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक भारतभर सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. त्यांच्या धंद्यात या भेदावरच पोट आहे. २२ कॅरटच्या दागिन्यात सोने सुमारे ९१.६ टक्के आणि बाकी चांदी-तांबे असते. हे संमिश्र, म्हणजे मिश्रणच, कारण प्रमाण हवे तसे बदलता येते. सोने शुद्ध करण्याच्या एका जुन्या रीतीत आधी चांदी घालून ते एकूण वजनाच्या चौथ्या हिश्श्यावर आणतात आणि मग नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी आणि तांबे आम्लाशी संयोग पावून द्रावणात उतरतात. सोने आम्लाला दाद देत नाही, ते तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहते आणि वितळवले की पिवळे होते. द्रावणातली चांदी मात्र आता दिसत नाही, ती सिल्व्हर नायट्रेट झालेली असते. ती परत मिळवण्यासाठी त्यात तांब्याची पट्टी सोडतात. पट्टीवर राखाडी चांदी साचत जाते, तांबे तिच्या जागी द्रावणात उतरते, आणि द्रावण हळूहळू निळे होते, द्राक्षबागेतल्या मोरचुदाच्या पिंपासारखे.